एकच लीळा, चार वाटा

स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही गाईडमध्ये 'लीळाचरित्रा'च्या वाट्याला एक ओळ येते. मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ, कर्ता म्हाइंभट, काळ तेरावं शतक. चार पर्याय, त्यातला एक बरोबर, एक गुण. बुलढाणा, चिखली, मेहकर, मलकापूर इथल्या अभ्यासिकांमध्ये कितीतरी मुलं ही ओळ पाठ करतात. त्यांना हे सहसा कुणी सांगत नाही की या ग्रंथातले चक्रधरस्वामी आपल्याच जिल्ह्यातून चालत गेले, मेहकरला आणि लोणारला राहिले. ज्यांनी या ग्रंथाची महत्त्वाची आवृत्ती संपादित केली ते डॉ. वि. भि. कोलते मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे, हेही नाही. एखादा ग्रंथ 'आद्य' या कप्प्यात गेला की त्याचा मान वाढतो आणि वाचक कमी होतात. मग त्याला वाचायचं नसतं, फक्त ओळखायचं असतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गाव चिखली तालुक्यात, नोकरी पुण्यात. लोकांनी लिहिलेल्या, अपलोड केलेल्या हजारो गोष्टी कुठल्या कप्प्यात दिसाव्यात हे ठरवणारी यंत्रणा सांभाळणं, हे माझं रोजचं काम. वर मेन्यूत पाच-सात वर्ग असतात. प्रत्येक लेखाला त्यातला एक 'मुख्य वर्ग' द्यावाच लागतो. कुठेच न बसणारं सगळं 'इतर'मध्ये जातं. इंजिनिअरिंगला हा विषय डेटाबेसच्या पेपरात येतो, साहित्याशी त्याचा काही संबंध आहे असं कुणी म्हणत नाही. महानुभावांचे ग्रंथ या नजरेनं वाचले तर मात्र वेगळंच दिसतं. लेखनाचे वर्ग पाडणं हे आधी समीक्षेचं काम आहे आणि मग तांत्रिक. मराठीत ते काम सातशे वर्षांपूर्वी, मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीलाच, फार गांभीर्यानं झालेलं आहे. त्याचं काय साधलं, काय हरवलं आणि आपल्या आजच्या कप्प्यांपेक्षा ते कुठे शहाणं आहे, हे मला इथे बघायचं आहे.

आधी लीळा

'लीळाचरित्र' सलग चरित्र नाही. ते छोट्या छोट्या तुकड्यांचं बनलेलं आहे, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे एक लीळा. काही लीळा दोन-चार ओळींच्या, काही पान-दोन पानांच्या. अशा हजाराहून अधिक लीळा. त्यात तत्त्वज्ञान आहे, पण त्याहून जास्त रोजचं जगणं आहे. कुणी जेवण करून आणलंय, कुणी आजारी आहे, कुणी रुसलंय, कुणाला रस्त्यात भीती वाटलीय, कुणी भलताच प्रश्न विचारलाय. प्रश्न आला की उत्तर येतं आणि लीळा संपते. आज आपण फोनवर जे वाचतो त्याच्या लांबीला आणि घडणीला हे गद्य फार जवळचं आहे.

म्हाइंभटांनी हे गोळा केलं ते चक्रधर निघून गेल्यानंतर, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. ज्यांनी चक्रधरांना पाहिलं होतं, त्यांच्यासोबत राहिले होते, अशा माणसांकडून आठवणी मिळवायच्या आणि लिहून काढायच्या, अशी पद्धत. नागदेवाचार्य हा मोठा आधार, पण एकटे तेच नव्हेत. एकाच प्रसंगाबद्दल दोघांची आठवण जुळली नाही तर काय करायचं? म्हाइंभटांच्या परंपरेनं त्यावर जे केलं ते बघून कुठल्याही प्रोग्रॅमरला आनंद होईल. दोन्ही पाठ ठेवायचे आणि कुणाचा कुठला ते सांगायचं. अशा पाठभेदाला तिथे 'वासना' म्हणतात. अमक्याच्या वासनेप्रमाणे हे असं, तमक्याच्या वासनेप्रमाणे ते तसं. आम्ही कोडमध्ये कुठली ओळ कुणी बदलली याची नोंद ठेवतो, ती याच कारणासाठी. पुढे भांडण झालं तर मूळ माणसापर्यंत जाता यावं.

परंपरा सांगते की मूळ पोथी पुढे स्वारीच्या धामधुमीत हरवली आणि ग्रंथ आठवणीतून पुन्हा उभा करावा लागला. त्यामुळे त्याचे वेगवेगळे पाठ झाले. तरीही मांडणीचा सांगाडा तोच राहिला: एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध. म्हणजे काळाप्रमाणे. आधी चक्रधर एकटे फिरत होते तो काळ, मग माणसं जमत गेली तो काळ, मग शेवटचा. आधीचं आधी, नंतरचं नंतर.

काळाप्रमाणे लावण्यात एक प्रामाणिकपणा असतो. घडलं तसं ठेवलं, आपली अक्कल मध्ये घातली नाही. पण त्याची अडचणही लगेच दिसते. एखाद्या नव्या साधकाला विचारायचं आहे, 'भिक्षेबद्दल स्वामी काय म्हणाले?' तर उत्तर हजार लीळांमध्ये विखुरलेलं. वर-खाली स्क्रोल करत बसा.

केसोबासांची कात्री

ही अडचण सोडवली केशिराजबासांनी, म्हणजे केसोबासांनी. त्यांनी लीळाचरित्रातली चक्रधरांची वचनं वेगळी काढली आणि विषयवार लावली. हाच 'सूत्रपाठ'. त्यातल्या प्रकरणांची नावं बघा: विद्यामार्ग, संहार, संसरण, उद्धरण, महावाक्य, निर्वचन, आचार, विचार. शिवाय आचारमालिका आणि विचारमालिका. 'आचार' असताना वेगळी 'आचारमालिका' आहे हे वाचून मी हसलो होतो. एकाच विषयाचे दोन कप्पे! वर्गीकरणाचं काम केलेल्या कुणालाही ही जागा ओळखीची वाटेल.

केसोबास विद्वान होते, संस्कृतात सहज लिहीत. आणि इथेच ती प्रसिद्ध आठवण येते. त्यांना संस्कृतात रचना करायची होती, तेव्हा नागदेवाचार्यांनी अडवलं. कारण असं की पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकतील. मराठी भाषेच्या अभिमानाची गोष्ट म्हणून हा प्रसंग भाषणांत नेहमी सांगतात. मला तो मांडणीबद्दलचाही निर्णय वाटतो. सूत्रपाठ कुणासाठी रचायचा, हे त्यांनी आधी ठरवलं. पाठ करणाऱ्या, ऐकणाऱ्या, अक्षरओळख असलेल्या-नसलेल्या माणसांसाठी. आमच्या मीटिंगांमध्ये 'युजर' हा शब्द तासाला चाळीस वेळा येतो, पण त्या युजरला चेहरा क्वचितच असतो. नागदेवाचार्यांच्या युजरला चेहरा होता. ती एक म्हातारी होती.

सूत्रपाठानं जे साधलं ते मोठं आहे. विखुरलेल्या बोलण्यातून एक विचारव्यवस्था उभी राहिली. ती पाठ करता येऊ लागली, शिकवता येऊ लागली, तिच्यावर भाष्यं लिहिता येऊ लागली. पुढच्या काही शतकांत महानुभावांनी जे प्रचंड टीकावाङ्मय निर्माण केलं, त्याचा पाया हा आहे. वर्ग पाडले नसते तर चक्रधरांच्या आठवणी राहिल्या असत्या, दर्शन उभं राहिलं नसतं.

पण कात्री चालली की काहीतरी खाली पडतंच. सूत्रपाठात काय पडलं? प्रश्न विचारणारी माणसं.

लीळाचरित्रात बाइसा आहेत, आउसा आहेत, महदाइसा आहेत. त्यातल्या महदाइसा तर भयंकर चौकस. पिच्छा सोडत नाहीत. एका उत्तरानं समाधान झालं नाही की दुसरा प्रश्न. चक्रधर त्यांच्या या चौकसपणाचं कौतुकही करतात. चक्रधरांचं पुष्कळसं बोलणं अशा कुणाच्या तरी प्रश्नावरचं उत्तर आहे. ते वचन उचलून 'विचार' प्रकरणात ठेवलं की उत्तर राहतं आणि विचारणारी बाई जाते. मग ते वचन आपणहून, वरून, सगळ्यांसाठी उच्चारल्यासारखं दिसू लागतं. संवादाचं प्रवचन होतं. आज महदाइसा आपल्याला भेटतात त्या 'मराठीतली आद्य कवयित्री' म्हणून, धवळे रचणाऱ्या. पुन्हा तोच 'आद्य'चा कप्पा. मराठीतली पहिली मोठी प्रश्न विचारणारी बाई, असा कप्पा कुणी केलेला नाही.

दुसरं उदाहरण अधिक अवघड आहे. लीळाचरित्रात एका ठिकाणी पाळीच्या विटाळाचा विषय निघतो. चक्रधर समजावतात की नाकातून, डोळ्यांतून जसा मळ बाहेर येतो तसाच हाही शरीराचा एक स्राव; त्याचा विटाळ धरायचं कारण नाही. तेराव्या शतकातलं हे बोलणं आहे. आता हे कुठे ठेवाल? 'आचार'मध्ये? 'विचार'मध्ये? आजच्या एखाद्या साइटवर 'स्त्री', 'आरोग्य', 'अध्यात्म', 'इतिहास' असे चार पर्याय असतील. यातला कुठलाही निवडा, बाकीच्या तीन वाचकांपर्यंत ते पोचणार नाही. 'स्त्री' या वर्गात टाकलं तर सगळ्यात जास्त नुकसान, कारण ज्या पुरुषानं ते वाचायला हवं तो त्या वर्गावर टॅपच करणार नाही.

'महाराष्ट्रात राहावं' हे सूत्र

वर्ग बदलला की अर्थ बदलतो, याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण महानुभावांच्याच एका सूत्राचं आहे. चक्रधरांनी शिष्यांना महाराष्ट्रात राहायला सांगितलं, हे तुम्ही कुठल्या ना कुठल्या पोस्टरवर वाचलं असेल. एक मे, सत्तावीस फेब्रुवारी असे दिवस आले की ते फिरू लागतं. भगवी पार्श्वभूमी, खाली चक्रधरस्वामींचं नाव. आणि वाचणाऱ्याला वाटतं, व्वा, तेराव्या शतकातली मराठी अस्मिता.

सूत्रपाठात हे वचन आहे ते 'आचार' प्रकरणात. म्हणजे संन्यस्त साधकानं कसं राहावं याच्या नियमांमध्ये. त्याच्या शेजारचं सांगणं असं की कानडी आणि तेलुगू मुलखात जाऊ नये. कारणही दिलेलं आहे. ते मुलूख सुखोपभोगांचे, आणि तिथे तपस्व्यांना मान मिळतो. कारण नीट वाचा. तिथले लोक वाईट आहेत असं ते म्हणत नाहीत. तिथे तुमचा फार सन्मान होईल आणि तुम्ही बिघडाल, म्हणून जाऊ नका, असं म्हणतात. याच प्रकरणात साधकानं जिथे कुणी ओळखत नाही अशा मुलखाच्या टोकाला, झाडाखाली आयुष्य काढावं असंही सांगितलं आहे. तिन्ही वचनं एकत्र वाचली की अर्थ लख्ख होतो. महाराष्ट्रात राहायचं, कारण इथे कुणी फार विचारत नाही. साधकाच्या अहंकाराला खतपाणी मिळणार नाही अशी ही कोरडी जागा. अभिमानाचं वाक्य म्हणून आपण जे मिरवतो, ते मुळात अभिमान सोडायचं पथ्य आहे.

आणखी एक गंमत. हे सांगणारे चक्रधर परंपरेनुसार मूळचे गुजरातमधल्या भडोचचे.

इथे केसोबासांच्या वर्गाची बाजू घ्यावी लागते. त्यांनी सूत्र लीळेतून कापलं खरं, पण 'आचार' या कप्प्यात, योग्य शेजाऱ्यांसोबत ठेवलं. त्या कप्प्यात ते आपला अर्थ सांभाळून होतं. पोस्टर बनवणाऱ्यानं त्याला 'आचार'मधून काढून 'अस्मिता'मध्ये टाकलं. शब्द बदललेला नाही, काना-मात्रा बदललेली नाही, फक्त वर्ग बदलला. म्हणून खोटं बोलल्याचा आरोपही करता येत नाही. कुठल्याही लेखाचं, भाषणाचं, मुलाखतीचं आज हेच होऊ शकतं आणि रोज होतं. वाक्य खरं, नाव खरं, कप्पा खोटा.

परतीचा रस्ता

महानुभावांना हा धोका कळला होता. मला त्यांच्याबद्दल सर्वात जास्त आदर वाटतो तो इथे. सूत्र एकदा लीळेतून सुटं झालं की कुणी त्याचा काहीही अर्थ लावेल, म्हणून त्यांनी 'प्रकरणवश' नावाचा प्रकार सुरू केला. अमुक सूत्र कुठल्या प्रसंगी, कुणाच्या बाबतीत निघालं, हे सांगणारं भाष्य. म्हणजे सूत्रपाठातल्या प्रत्येक नोंदीवरून मूळ लीळेकडे जाणारी लिंक. आधी कापलं, वर्ग पाडले, आणि मग कापलेल्या जागी परतीचा रस्ता बांधला.

'दृष्टांतपाठ' ही त्याच साहित्याची आणखी एक मांडणी, तीही केसोबासांची. चक्रधर बोलताना उदाहरणं देत, गोष्टी सांगत. त्या वेगळ्या काढून प्रत्येकीला तीन भाग दिले: सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे वचन, दृष्टांत म्हणजे गोष्ट, दार्ष्टांतिक म्हणजे गोष्टीचा वचनाशी जोड. पहिली दोन चक्रधरांची, तिसरं केसोबासांचं. या विभागणीत संपादकाची सचोटी आहे. मूळ बोलणं कुठे संपतं आणि माझी जुळवणी कुठे सुरू होते, हे वाचकाला दिसतं. आंधळ्यांनी हत्ती चाचपून बघितल्याची गोष्ट या दृष्टांतपाठातही आहे. कुणाला हत्ती खांबासारखा, कुणाला सुपासारखा. वर्ग पाडणाऱ्या प्रत्येकानं ती टेबलासमोर लावून ठेवावी.

आणि चौथी वाट म्हणजे 'स्थानपोथी'. माझ्या सगळ्यात आवडीची. चक्रधर जिथे जिथे राहिले, बसले, जेवले, झोपले, त्या जागांची ही नोंदवही. देऊळ कुठल्या दिशेला तोंड करून आहे, मठ कुठे, ओटा कुठे, एका जागेपासून दुसरी किती लांब आणि कुठल्या बाजूला. गावामागून गाव. मेहकर येतं, लोणार येतं. त्यात भक्तीची भाषा फार कमी. एखाद्या सर्वेअरनं टिपून ठेवावं तसं कोरडं, नेमकं गद्य. पण हेच गद्य हातात घेऊन माणसं शतकानुशतकं त्या जागा शोधत आली, आणि तिथे ओटे बांधून डोकं टेकवत आली.

लोणारचंच घ्या. आजच्या कुठल्याही साइटवर लोणार 'पर्यटन'मध्ये सापडतं. बसाल्ट खडकात उल्कापातानं झालेलं विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, जून २०२० मध्ये गुलाबी झालेलं पाणी, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रामसर यादीत समावेश. भूगर्भशास्त्रज्ञाला ते एका कप्प्यात दिसतं, पक्षीनिरीक्षकाला दुसऱ्या, दैत्यसूदन मंदिराच्या अभ्यासकाला तिसऱ्या. स्थानपोथीच्या वाचकाला लोणार म्हणजे एका माणसाच्या मुक्कामाची जागा. यातलं एकही चूक नाही. पण बुलढाण्यातल्या दहावीच्या मुलाला हे चारही लोणार एकाच वेळी दाखवणारं पान मी अजून पाहिलेलं नाही.

म्हणजे एकाच साहित्याच्या चार वाटा झाल्या. काळाची वाट लीळाचरित्र, विषयाची सूत्रपाठ, गोष्टीची दृष्टांतपाठ, जागेची स्थानपोथी. कुठूनही आत शिरा, दुसरीकडे निघता येतं. यातली कुठलीच वाट 'मुख्य वर्ग' नाही.

महानुभावांचं सगळंच आदर्श होतं असं मला म्हणायचं नाही. पुढे त्यांनी पोथ्या 'सकळ', 'सुंदरी' अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहायला सुरुवात केली आणि पंथाबाहेरच्यांना ग्रंथ बंद झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी लिपी उलगडली, तोवर बाहेरच्या मराठी वाचकाला आपल्या भाषेतलं हे पहिलं गद्य जवळपास माहीतच नव्हतं. म्हातारीसाठी मराठी निवडली आणि मग मराठीलाच कुलूप लावलं. पंथ टिकवण्यासाठी ते गरजेचं असेलही, पण वाङ्मयाची त्यात मोठी हानी झाली.

चतुर्वर्ग आणि परिशेष

याच यादव राजवटीत, याच काळात, दुसरं एक प्रचंड वर्गीकरण चालू होतं. हेमाद्री पंडिताचा 'चतुर्वर्गचिंतामणी'. नावातच वर्ग. त्याचे खंड: व्रत, दान, तीर्थ, मोक्ष आणि परिशेष. कुठल्या तिथीला कुठलं व्रत, कुठलं दान, कसं, याचा संस्कृतातला महाकोश. शेवटचा 'परिशेष' म्हणजे उरलेलं सगळं. आमच्या भाषेत 'इतर'. हेमाद्रीसारख्या कर्त्या प्रशासकालाही 'इतर' टाळता आलं नाही, हे वाचून मला जरा धीर आला.

दोन्ही मांडण्यांतला फरक मात्र बघण्यासारखा आहे. हेमाद्रीकडे आधी कप्पे आहेत, मग शास्त्रवचनं शोधून त्यात भरलेली आहेत. केसोबासांकडे आधी बोलणं आहे, मग त्यातून कप्पे निघाले. पहिल्या पद्धतीत माणसानं कसं जगावं हे कप्प्यावरून ठरतं. दुसऱ्या पद्धतीत कुणीतरी जगलेलं असतं, आणि कप्पा नंतर येतो. दोन्हींची गरज असते. कायदा, कर, पीकविमा यांचे फॉर्म पहिल्या पद्धतीनंच करावे लागतात. साहित्याला ती पद्धत लावली की गोंधळ होतो.

आणि नियतीचा विनोद असा की हेमाद्री स्वतःच एका कप्प्याचं नाव होऊन बसला. आमच्या जिल्ह्यात काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय रचलेलं कुठलंही जुनं देऊळ दिसलं की लोक म्हणतात 'हेमाडपंती'. हेमाद्री झाला तेराव्या शतकात. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख आहे शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. दोनशे वर्षं आधीचं देऊळ आणि त्यालाही लेबल तेच. एकदा 'हेमाडपंती' म्हटलं की ते कुणी बांधलं, कधी बांधलं, त्याच्या भिंतीवर काय कोरलंय, हे विचारायची गरज वाटत नाही. हा शब्द वाचकाला देवळाच्या दारातूनच परत पाठवतो.

आपले कप्पे

छापील पुस्तकाची अडचण खरी होती. एक प्रत एकाच फळीवर राहू शकते. ड्युईच्या दशांश पद्धतीत लीळाचरित्र एक तर २९४.५ म्हणजे हिंदू धर्माच्या फळीवर जाईल, नाही तर ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्याच्या. त्याच ड्युईनं धर्माच्या वर्गातले २२० ते २८० हे आकडे ख्रिस्ती धर्माला दिले आणि जगातले बाकी सगळे धर्म २९० मध्ये कोंबले, ही त्याची दृष्टी. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडलं, त्यात एकाच ग्रंथाला विषय, स्थळ, काळ अशी अनेक अंगं देता येतात. स्थानपोथी आणि सूत्रपाठ शेजारी ठेवून वाचणाऱ्याला ती कल्पना परकी वाटणार नाही.

फोनच्या पडद्यावर फळीच नाही. एक लेख एकाच वेळी दहा ठिकाणी राहू शकतो. मराठी विकिपीडियावर लेखाच्या तळाशी 'वर्ग' असतात, एका लेखाला हवे तितके. तरीही आपल्या बहुतेक वाचनस्थळांचे मेन्यू अजून लाकडी कपाटासारखे वागतात. 'संतसाहित्य' या एका शब्दाखाली वारकरी, महानुभाव, नाथ, समर्थ सगळे एकत्र. एकमेकांशी वाद घातलेली माणसं एका खणात. 'ग्रामीण' म्हणून एक वर्ग असतो, 'शहरी' म्हणून नसतो. याचा अर्थ शहर हे नुसतं 'साहित्य' आणि आमचं बुलढाणा हा त्याचा एक उपप्रकार. हा निर्णय कुणीतरी घेतलेला असतो, पण केसोबासांसारखं त्याचं नाव कुठे नसतं.

आता तर वर्ग लेखाचे राहिलेच नाहीत, वाचकाचे झालेत. 'तुमच्या आवडीचं' म्हणून जे समोर येतं, त्यात कप्प्यात बसवलेले असतो आपण. आपण कुठल्या खणात आहोत हे आपल्याला दिसत नाही आणि बाहेर पडायचं दारही.

मी पूर्वी ज्या एका कंपनीत काम करायचो, तिथे लोकांनी लिहिलेल्या आठवणींच्या एका संग्रहात 'ठिकाण' नावाचा रकाना होता. लिहिणारे तिथे गावाचं नाव टाकत. साइटची नवी रचना करताना वरून निर्णय आला: हा फिल्टर फारसं कुणी वापरत नाही, काढून टाका. मी आणि एका सहकारी मैत्रिणीनं हरकत घेतली, पुरावे दिले, उपयोग झाला नाही. पडद्यावरून रकाना गेला, मग डेटाबेसमधूनही गेला. शेकडो आठवणी 'जीवनशैली' या एका वर्गात जमा झाल्या. प्रत्येक मजकूर जसाच्या तसा होता, फक्त कुठलाच कुठला राहिला नव्हता. स्थानपोथी जाळल्यासारखं ते होतं, आणि एका क्लिकमध्ये झालं.

म्हणून कोलत्यांच्या कामाकडे मी वेगळ्या आदरानं बघतो. १९०८ मध्ये नरवेलला जन्मलेला हा माणूस पुढे नागपूर विद्यापीठाचा कुलगुरू झाला, १९६७ च्या भोपाळच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. त्यांच्या ग्रंथांची नावं नुसती ओळीनं वाचा. 'महानुभाव तत्त्वज्ञान', 'महानुभावांचा आचारधर्म', संपादित 'स्थानपोथी', आणि १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं काढलेलं 'लीळाचरित्र'. विचार, आचार, स्थान, लीळा. महानुभावांनी केलेल्या वाटांवरून हा एकटा अभ्यासक पुन्हा चालला. एका वाटेवर जे सापडलं ते दुसऱ्या वाटेवर तपासून बघायचं, ही त्याची रीत. त्यातली 'स्थानपोथी' छापली गेली ती मलकापूरच्या अरुण प्रकाशनातर्फे. मुंबई-पुण्याच्या नव्हे, आमच्या जिल्ह्यातल्या रेल्वे स्टेशनच्या गावातून.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यासाठी जे जुने पुरावे मांडले जातात त्यात लीळाचरित्राचं नाव हक्कानं येतं. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही उभं राहिलं आहे. दर्जाचा कप्पा मिळाला, चांगलं झालं. आता ग्रंथ त्यातून बाहेर काढू या. काम काय आहे हे मी इंजिनिअर म्हणून सांगू शकतो, आणि ते अशक्य मुळीच नाही. प्रत्येक लीळेला एक कायमचा क्रमांक. तिला जोडलेलं ठिकाण, नकाशावर. त्यातली माणसं, विशेषतः प्रश्न कुणी विचारला तो. तिच्यातून निघालेलं सूत्र आणि त्या सूत्राचं प्रकरण. तिच्या वासना, ज्याच्या त्याच्या नावासकट. शेजारी आजच्या मराठीतला अर्थ. पहिल्या तुकड्यात फक्त मेहकर आणि लोणारच्या लीळा घेतल्या तरी चालतील. एका कॉलेजच्या मराठी विभागानं आणि त्याच गावातल्या कॉम्प्युटरच्या चार मुलांनी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून सुरुवात करावी, इतकंच ते मोठं आहे. त्यात एक रकाना मात्र सक्तीचा हवा, रिकामा ठेवता येणार नाही असा: हे कुणाला उद्देशून म्हटलं होतं?